माझ्याबद्दल काय लिहिलंत?

"हात दाखव सगळ्यांना," सर म्हणाले.

मी दाखवले. धाग्याने कापलेली बोटं, नखांत मशीनचं तेल. चौदा पोरं-पोरी बघत होती. मी उभी, बाकी सगळे बसलेले.

नव्याण्णव साल. मी दादरा-नगर हवेलीत, खडोलीच्या धाग्याच्या कारखान्यात होते. घर साक्रीकडचं, भाऊ-वहिनीबरोबर इकडे आले होते. आठवडाभर मशीन आणि रविवारी टेम्पोत लटकून सिल्वासा. तिथे पत्राद्वारे बी.ए. करणाऱ्यांचं केंद्र होतं. माझा विषय समाजशास्त्र. तो मी हौसेने घेतला होता. वाटलं होतं, आमची अशी गत का, ते यात लिहिलेलं असेल.

दोन महिन्यांपूर्वी केंद्रात इंटरनेट आलं होतं. सर मुंबईचे. ते इंटरनेटवरच्या कसल्याशा चर्चागटात होते. देशोदेशीचे प्राध्यापक आणि विद्यार्थी तिथे पत्रं टाकायचे, एकमेकांकडून शिकायचे. त्या महिन्यात विषय होता कामगार बायका.

"आपल्याकडे तर जिवंत उदाहरण आहे," सर हसून म्हणाले. "हेमलता बेटा, तू टाइप कर."

हेमलता आमच्या कारखान्यातल्या साहेबाची मुलगी. ती बेटा. मी नुसती तू.

"खोलीत किती जण झोपता?"

"सात."

"संडास?"

"नाही. ओहोळाकडे जातो."

"पाळीच्या दिवसांत मशीनवर काय करता?"

मी हात मागे घेतले. मागून एक जण गुजरातीत म्हणाला, "बोल ने, बेन!" हशा पिकला. सरही हसले.

आणि मी सांगितलं. सगळं. कापड कुठे बदलतो, सुपरवायझर काय बोलतो, सगळं. याचा मला आजही राग येतो. त्यांच्याइतकाच माझाही. मला वाटलं होतं, अभ्यासाला उपयोग होईल.

शेवटी विचारलं, "सर, मी कॉम्प्युटरवर बसू एकदा? काय लिहिलं ते बघते."

"तेलकट हात आहेत तुझे. कीबोर्ड खराब होईल. आणि इंग्रजी आहे ते, तुला काय कळणार?"

पुढच्या रविवारी तो मजकूर छापून फळ्यावर लावला होता. खाली परदेशातून आलेली उत्तरं. मी तो वहीत उतरवून घेतला आणि आठवडाभर डिक्शनरी घेऊन एकेक शब्द लावत बसले. वहिनी म्हणाली, "परीक्षा आहे का गं?" काय सांगणार होते तिला?

माझं नाव होतं त्यात. खरं नाव. कारखान्याचं गाव. ओहोळ. पाळी. आणि शेवटी एक वाक्य: या बायकांना आपल्या परिस्थितीविषयी स्वतःचं मत नसतं.

मत? मला मत विचारलंच कुठे होतं? संडास विचारला होता.

उत्तरांत सगळ्यांनी सरांचे आभार मानले होते. फार दुर्मिळ माहिती म्हणे.

त्याच्या पुढच्या रविवारी मी लवकर गेले. हेमलता कॉम्प्युटर लावत होती. मी म्हटलं, "ऊठ." माझ्याकडे बघून ती उठली. म्हणाली, "पत्र टाकायचं ते पान उघडून देते." दिलंही. मी त्या खुर्चीवर बसले. दोन बोटांनी, मोडक्या इंग्रजीत टाइप करू लागले: ती बाई मी आहे. मला न विचारता माझं नाव लिहिलं. मला मत आहे.

सर आले. "ऊठ तिथून."

"नाही उठत."

"काय म्हणालीस?"

"सर, तुमच्या घरात किती जण झोपतात? संडासला कुठे जाता?"

तिसरा प्रश्न जिभेवर आला होता. गिळला. त्यांच्या घरच्या बाईने माझं काय बिघडवलं होतं?

सरांचे कान लाल झाले. त्यांनी वाकून कॉम्प्युटरला लावलेली टेलिफोनची वायर उपटली. पत्र गेलंच नाही.

"केंद्रातून नाव काढून टाकीन तुझं!"

"काढा. कारण लेखी द्या. खाली सही करा."

मी फळ्यावरचा कागद काढला. सगळ्यांसमोर फाडला. एकही जण हसला नाही. पण एकही जण माझ्या बाजूने उभाही राहिला नाही. हेमलता खाली बघत होती.

नाव काढलं नाही. लेखी कारण देणार काय? पण परदेशातल्या त्या कॉम्प्युटरांत तो मजकूर आजही पडलेला असेल. माझं नाव घालून. तो मला फाडता येत नाही.

म्हणून ठरवलं. माझ्याविषयी, माझ्या खोलीतल्या सात जणांविषयी, माझ्या मशीनच्या लाइनीतल्या बायकांविषयी कुणी एक ओळ लिहिणार असेल, तर ती आधी आम्हाला वाचून दाखवायची. आमच्या भाषेत. आम्ही हो म्हटलं तर जाईल. नाही म्हटलं तर जाणार नाही. लिहिणारा केवढाही मोठा असो. वाटेत मी उभी असेन.