नवसागराचा धूर

ऐंशीच्या सुमारास घाटकोपरला आमच्या बिल्डिंगखाली कल्हईवाला बसला की तिसऱ्या मजल्यावरचे काका रिकाम्या हातांनी खाली यायचे. औषध कंपनीतून रिटायर झालेले, एकटेच, खानावळीत जेवणारे. तापल्या भांड्यात नवसागर पडून पांढरा धूर उठला की म्हणायचे, "वहिनी, हा अमोनिया बरं का. इजिप्तात अमोन नावाचा देव होता. त्याच्या देवळापाशी हा क्षार मिळायचा, म्हणून हे नाव." आम्ही हं हं करत भांडी उचलायचो.

एकदा ते पातेलं घेऊन आले.

"साहेब, कल्हई शाबूत आहे. वापरलंच नाही वाटतं?"

"असू दे. पुन्हा कर. सगळ्यांचं झाल्यावर कर."

आमची भांडी झाली. जिना चढताना ऐकू आलं. ते कल्हईवाल्यालाच सांगत होते, "इजिप्तात एक देव होता..."