घुसळणीची पट्टीबाई

घुसळणीचं कागदोपत्री नाव फार भारदस्त होतं, आकाशाशी काहीतरी संबंध असलेलं. पण पहिल्याच आठवड्यात एक दूधवाला तिच्यातून उतरला, पोट धरून बाकावर बसला आणि म्हणाला, "आतलं सगळं घुसळून निघालं." झालं, त्या दिवसापासून गावाच्या तोंडी घुसळण हेच नाव बसलं. मालकाने हौसेने रंगवून घेतलेला फलक तिकीटखिडकीवर धूळ खात राहिला.

ती काही नवीकोरी नव्हती. दुसऱ्या कुठल्या तरी करमणुकीच्या बागेत नऊ वर्षं लोकांना उलटंपालटं करून झाल्यावर ती लाकडी खोक्यांतून इथे आली. पोलादी नळ्यांचे रूळ, बारा जणांची गाडी, साखळीने कुरकुरत चढणारा एक उंच चढ, पोट मागे ठेवून येणारा एक उतार, आणि शेवटी डोकं खाली पाय वर असा एक पुरा गोल फेरा. सगळं जोडून झाल्यावर मिस्त्रीकडे चार बोल्ट उरले आणि ते त्याने गुपचूप खिशात घातले, असं लोक सांगत. लोकांचं काय, ते काहीही सांगतात. घुसळण मात्र पुढची एकतीस वर्षं न पडता चालली. या काळात तिला पाच रंग लागले, तिच्यातून खाली तीन कवळ्या, असंख्य चष्मे आणि एका नामांकित वकिलांचा केसांचा टोप पडला. तो टोप परत न्यायला वकील स्वतः आले नाहीत, त्यांनी कारकून पाठवला.

खोक्यांबरोबर उंची मोजायचा एक पत्र्याचा बोर्डही आला होता. त्यावर आकडे होते आणि चार फूट आठ इंचांवर लाल रेघ. रेघेच्या खाली डोकं असलेल्याला गाडीत बसवायचं नाही, कारण खांद्यावरची दांडी त्याला नीट अडकत नाही, असा नियम होता. गवंड्याने तो बोर्ड दाराशी उभा केला आणि त्याच्या शेजारी मालकाने एका मुलीला उभं केलं. तीच पुढे पट्टीबाई झाली.

पट्टीबाईंची सगळी हत्यारं म्हणजे एक गुळगुळीत फळी. ती माणसाच्या डोक्यावर आडवी ठेवायची, बोर्डाला टेकवायची आणि एका शब्दात निकाल द्यायचा: "जा" किंवा "नाही". बूट काढायचे, चपला काढायच्या, केसांचा बुचडा दाबून मोजायचा. रडून उपयोग नाही, मालकाची ओळख सांगून तर मुळीच नाही. एकदा खुद्द मालकाच्या पुतणीला त्यांनी परत पाठवलं. मालकांनी दोन दिवस तोंड फुगवलं आणि तिसऱ्या दिवशी चारचौघांत बाईंचं कौतुक केलं, कारण तोवर गावाने ते आधीच केलं होतं.

होता होता बाईंची नजरच फळी झाली. माणूस दिसला की आधी उंची दिसायची, चेहरा मागाहून. भाचीसाठी स्थळ आलं, मुलगा पाच फूट सात इंच असल्याचं कळवलं होतं. बाईंनी खिडकीतूनच त्याला फाटक उघडताना पाहिलं आणि आत येऊन बहिणीच्या कानात सांगितलं, "पाच फूट साडेपाच. आणि तेही केस धरून." लग्न झालं, जावई चांगला निघाला, पण बाईंसमोर तो आजही उभा राहत नाही. आल्या आल्या खुर्ची शोधतो.

बाईंचं स्वतःचं लग्नही याच बोर्डाने जमवलं. घुसळणीच्या दुसऱ्याच महिन्यात चार दोस्तांचं एक टोळकं आलं. त्यात एक बुटका, गोरागोमटा बूट शिवणारा तरुण होता. बाईंनी फळी ठेवली. रेघेला अर्धा इंच कमी.

"घरी मोजून आणलाय, बरोबर बसतो," एक दोस्त तावातावाने म्हणाला.

"घरचं माप घरी," बाई म्हणाल्या. "नाही."

तो मान खाली घालून बाजूला झाला. पुढच्या रविवारी एकटाच आला, पायात दुहेरी तळव्यांचे बूट. बाईंनी बूट काढायला लावले. त्याच्या पुढच्या रविवारी आला तो मोज्यांच्या आत चामड्याचे तुकडे घालून. बाईंनी मोजेही काढायला लावले. अनवाणी उभा राहिलेल्या त्या माणसाचा खटाटोप बघून त्यांना पहिल्यांदा कामावर असताना हसू आलं. चौथ्या रविवारी तो साध्या चपला घालून आला आणि म्हणाला, "आज मोजू नका. आज विचारायला आलोय." बाईंच्या वडिलांनी जावयाच्या उंचीवरून कुरकुर केली, तेव्हा बाईंनी त्यांना गप्प केलं.

संसार एकतीस वर्षांचा झाला, पण तो अर्धा इंच काही घरातून गेला नाही. आमटीत मीठ कमी आहे असं बाई म्हणाल्या, की नवरा सुस्कारा सोडायचा: "ज्याला सख्ख्या बायकोने अर्ध्या इंचासाठी दारातून परत पाठवलं, त्याच्या मिठाचं काय घेऊन बसलीस." छत्री हरवली, दिवा चालू राहिला, पाहुण्यांसमोर घोरला, सगळ्याला हेच एक औषध. बाईंना वाईट वाटायचं. पण बाहेर त्याच गोष्टीने त्यांची मान ताठ व्हायची. बागेत नवा माणूस लागला की जुने त्याला बाई दाखवायचे आणि सांगायचे, "त्यांनी नवऱ्यालासुद्धा सोडलं नाही." एवढं ऐकलं की नवा माणूस आपोआप सरळ उभा राहायचा.

मग घुसळणीची चाकं बनवणारा कारखाना बंद पडला. दुसऱ्या कुणाची चाकं तिला बसेनात. मॅनेजरने वर्षभर जुन्या चाकांवर भागवलं, शेवटी त्याने जाहीर केलं की अमुक रविवारी संध्याकाळी सहा वाजता शेवटची फेरी, त्यानंतर घुसळण निवृत्त, आणि तिच्याबरोबर पट्टीबाईसुद्धा. पाच वाजता बाईंचा सत्कार ठेवला. मॅनेजरने भाषण लिहून काढलं होतं आणि ते त्याला इतकं आवडलं होतं, की भेटेल त्याला थोडं थोडं वाचून दाखवत होता. "एकतीस वर्षांत एकही चूक नाही," हे वाक्य त्यात तीनदा होतं.

त्या रविवारी दुपारी भंगारवाला आला. दुसऱ्या दिवसापासून तोडायला सुरुवात करायची म्हणून तो पोलादी टेप घेऊन काय काय आहे ते मोजत फिरत होता. खांब मोजले, कठडे मोजले, फिरत फिरत बाईंच्या बोर्डापाशी आला. जमिनीपासून टेप लावला आणि वहीत लिहिता लिहिता पुटपुटला, "रेघेपर्यंत चार फूट नऊ."

"आठ," बाई म्हणाल्या.

"नऊ, बाई."

"अहो, त्याच्यावर लिहिलंय. आठ."

"लिहिलंय आठच," भंगारवाला म्हणाला. "पण बोर्ड उभा कशावर आहे ते बघा की."

बाई गुडघ्यावर बसल्या. बोर्डाच्या पायाखाली सिमेंटचा एक थर होता, बरोबर एक इंचाचा. पत्रा गंजू नये म्हणून गवंड्याने घातलेला. बोर्ड थरावर उभा आणि माणसं जमिनीवर. पाच वेळा फरशी रंगली, तेव्हा थरही तिच्याबरोबर रंगत गेला आणि कुणाच्या डोळ्यांत आला नाही. बाई एकतीस वर्षं माणसांच्या डोक्याकडे बघत होत्या. खाली बघायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

"मला काय, मला वजनाशी मतलब," असं म्हणून भंगारवाला पुढे गेला.

एका क्षणात बाईंना सगळी पोरं आठवली. पाय आपटणारी, आईच्या पदरात तोंड खुपसणारी, पुढच्या वर्षी येतो म्हणून बजावून जाणारी. आणि नवरा. अर्धा इंच कमी नव्हता तो, अर्धा इंच वर होता. बिचाऱ्याला तीन तीनदा अनवाणी करून परत पाठवलं आणि वर गावभर त्याचीच फुशारकी मारली. बाईंना रडू येत होतं, पण समोर रांग होती. म्हणून त्यांनी पुढच्या मुलीच्या डोक्यावर फळी ठेवली, ती रेघेच्या बोटभर खाली भरली, आणि बाई म्हणाल्या, "जा." रांगेतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.

फळी काखेत मारून बाई मॅनेजरच्या खोलीत गेल्या आणि घडलं ते सांगितलं. मॅनेजरने भाषणाचा कागद खाली ठेवला.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"भंगारवाल्याला."

"मग कुणालाच नाही. बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या तो बोर्डच राहणार नाही. आजचा दिवस गप्प बसा, भाषण होऊ द्या, सत्काराचं घड्याळ घ्या आणि सुखाने घरी जा."

बाईंना ते पटलंही. माणसाला म्हातारपणी जपायला नावाशिवाय असतं काय? पण घड्याळ घेऊन घरी गेलं तरी घरी नवरा असणारच, आणि सहानंतर घुसळण नसणार. मग त्याने सुस्कारा सोडला की खरं काय ते आपल्यालाच ठाऊक असणार. हे काही त्यांना झेपण्यासारखं नव्हतं.

पाच वाजता सगळे जमले. नवरा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या ओळीत बसला होता. मॅनेजरचं "एकही चूक नाही" दुसऱ्यांदा म्हणून झालं, तेवढ्यात बाई उठल्या आणि त्यांनी माइक काढून घेतला.

"एक झालीय," त्या म्हणाल्या. "बोर्ड एक इंच वर होता. पहिल्या दिवसापासून. मी पुष्कळांना उगाच परत पाठवलं. माझी चूक आहे, मी माफी मागते."

क्षणभर कुणाचा विश्वास बसेना. मग मागून एक दाढीवाला उभा राहिला. "मी सहावीत होतो," तो दुखावलेल्या आवाजात म्हणाला. त्याच्या शेजारची प्राध्यापक बाई म्हणाली, "मी माझ्या वाढदिवसाला." मग उठणाऱ्यांना धरबंध राहिला नाही. मॅनेजरने घाम पुसत जाहीर केलं, की ज्यांना अन्यायाने परत पाठवलं त्यांना आज रांगेशिवाय बसवू. त्याबरोबर निम्मं गाव पीडित निघालं. त्यात पावणेसात फुटी एक पहिलवानही होता. तो पाळण्यात असताना मोजला गेला असेल तरच त्याचं म्हणणं खरं होतं.

"आधी हे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्याचा दंड धरला.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता. एवढ्या वर्षांची इच्छा पुरी होताना माणसाचं असंच होत असेल, असं वाटून बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी त्याला पहिल्या रांगेत बसवलं, स्वतः शेजारी बसल्या, दांड्या खाली आल्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडी चढावर लागली, साखळी कुरकुरू लागली.

"अगं," नवरा अगदी बारीक आवाजात म्हणाला. "मला कधी बसायचंच नव्हतं."

"काय?"

"त्या दिवशी दोस्तांनी ढकलत आणलं होतं. पाय लटपटत होते माझे. तू नाही म्हणालीस तेव्हा वाटलं, देवमाणूस आहे ही बाई."

बाईंनी वळून पाहायचा प्रयत्न केला, पण दांडी वळू देईना. "मग ते जाड तळवे? ते चामड्याचे तुकडे?"

"पुन्हा भेटायला काहीतरी कारण नको? नुसता बघत उभा राहिलो असतो तर हाकललं असतंस. पायातलं काढायला लावशील याची खात्री होती, म्हणून तर आलो."

"आणि चुकून सोडलं असतं तर?"

"गेलो असतो जिवानिशी."

"आणि एकतीस वर्षं माझ्या डोक्यावर मिरे वाटलेत ते?"

"त्याचा घरात फार उपयोग व्हायचा," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

बाईंना असा राग आला, की दांडी नसती तर त्यांनी त्याला तिथेच बदडला असता. पण गाडी हळूहळू वर जात होती आणि रागावायला भरपूर वेळ असला, की माणूस विचारही करतो. बोर्ड बरोबर असता, तर हा बाबा पहिल्याच दिवशी "जा" ऐकून दोस्तांबरोबर वर गेला असता, खाली येऊन ओकला असता आणि जन्मात पुन्हा या दाराशी फिरकला नसता. गवंड्याच्या हातून एक इंच सिमेंट जास्त पडलं नसतं, तर शेजारी आत्ता कुणी नसतं.

खाली माणसं बारीक दिसत होती, तरी बाईंना प्रत्येकाची उंची कळत होती. त्यांनी नवऱ्याचा घामेजलेला हात घट्ट धरला. त्याच्यापुरती तरी ही चूक कुणी वेळेवर दुरुस्त केली नाही, याचं त्यांना फार बरं वाटलं. तसं त्या त्याला सांगणारही होत्या. पण साखळी सुटली, गाडी खाली निघाली, आणि पुढचं दीड मिनिट तो त्यांच्या कानात नुसता बोंबलत होता.