पहिल्या ओळीत श्री

मंडळी, फाउंड्रीच्या फळ्यावर आज आनंदाची गोष्ट लिहितोय.

स्टोअरमधले आप्पा शनिवारी निवृत्त होतायत. ओतकामाचा साचा ज्यावरून बनवतात, तो कुठला लाकडी पॅटर्न कुठल्या रॅकवर, हे फक्त त्यांनाच ठाऊक. ते सगळं मी डेटाबेसमध्ये भरलं, पण माझा प्रोग्राम तीन दिवस त्याला जोडलाच जाईना.

सकाळी आप्पांनी विचारलं, "काय म्हणतंय रं?"

"श्री नावाचा डेटाबेस न्हाय म्हणतंय."

"मग श्री लिवलं कुणी?"

मीच! सवयीनं, प्रोग्रामच्या सेटिंगच्या फाइलच्या पहिल्या ओळीत. प्रोग्राम तिथूनच डेटाबेसचं नाव वाचत होता.

ते खोडून पंपाचा पॅटर्न विचारला. उत्तर आलं, रॅक सात. आप्पा जाऊन तो घेऊनच आले. "आता मी घरी बसाय मोकळा!"

श्री आता चिठ्ठीवर लिहून कॉम्प्युटरच्या पडद्याच्या वर चिकटवलंय. तुम्ही कुठं लिहिलं असतं?