भेटीचं कारण

दिंडोरीच्या पंचायत समितीत मी एकतीस वर्षं कारकुनी केली. नाशिकहून सकाळच्या बसने जायचं, संध्याकाळी परतायचं आणि मधल्या वेळात लोकांचे अर्ज तपासायचे. अर्जात लिहिलंय ते खरं हवं आणि खरं आहे ते सगळं अर्जात हवं, ही माझी खोड. त्या खोडीपायी ऑफिसात बरेच जण माझ्यावर डूख धरून होते. आणि त्याच खोडीपायी माझ्या एकुलत्या एका लेकीचं पहिलं बाळंतपण माझ्या हातून गेलं.

लेक आणि जावई कॅनडात नोकरीला. दिवस राहिल्याचं तिने व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा मी गवार मोडत होते. ती अर्धी मोडलेली गवार दुसऱ्या दिवशी टीव्हीच्या मागे सापडली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपली रीत, पण तिची रजा, डॉक्टर, विमा, सगळंच तिकडे बांधलेलं. मग माहेरानेच तिकडे जायचं ठरलं.

व्हिसाचा अर्ज मीच भरला. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जात चुका काढल्यावर स्वतःचा अर्ज दुसऱ्याकडून भरून घेणं मला कमीपणाचं वाटलं. 'भेटीचं कारण' या रकान्यात मी इत्थंभूत लिहिलं. मुलीचं बाळंतपण करणे, तिला आणि बाळाला तेल लावून आंघोळ घालणे, शेक देणे, दोन्ही वेळचा स्वयंपाक, बाळाला सांभाळणे. मुक्काम सहा महिने. ते वाचून हे म्हणाले, "अगं, एवढं कशाला?" हे म्हणजे माझे यजमान, निवृत्त शाळामास्तर. मी म्हटलं, "अर्धवट अर्ज नामंजूर होतो. मला विचारा."

माझा पूर्ण भरलेला अर्ज नामंजूर झाला. भेटीचं कारण पाहता तुम्ही मुदतीत परत जाल याची आमची खात्री पटत नाही, असं पत्र आलं. समोर माणूस नाही, खिडकी नाही, भांडायला कुणी नाही. लेकीचं बाळंतपण करायला निघालेल्या बाईवर संशय घ्यावा असं त्यात काय होतं, ते मला कळेना. पत्र हातात घेऊन बसले तेव्हा डोंगराकडच्या पाड्यावरची एक म्हातारी आठवली. तिचा घरकुलाचा अर्ज मी दाखला अपुरा म्हणून तीनदा परत केला होता आणि तीनदा ती एक शब्द न बोलता उठून गेली होती. मी नियमाप्रमाणेच केलं होतं. तरी त्या दिवशी मला तिची लाज वाटली.

नात झाली. लेक फोनवर हसून सांगायची, "सगळं सुरळीत झालं आई, छान चाललंय, तू काळजी करू नकोस." मी विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर मला विश्वास ठेवायचाच होता. ओळखीचं एक कुटुंब तिकडे निघालं होतं, त्यांच्याबरोबर डिंक, खारीक, हळीव, सुंठ पाठवली आणि प्रत्येक पुडीवर करायची कृती लिहिली. एवढं करून कर्तव्य केल्यासारखं वाटायचं, ते फार तर दुपारपर्यंत टिकायचं. मखमलाबादच्या मळ्यातली भाजी घेऊन एक मावशी आमच्या कॉलनीत येते. तिने एकदा शेपूची जुडी पुढे केली आणि विचारलं, "ताई, तुम्ही नाय गेल्या? मग पोरीला तेल कोण लावतंय?"

"तिकडची पद्धत वेगळी असते, मावशी."

"पद्धत वेगळी आसंल, पाठ तर तीच हाय ना."

मी शेपू घेतली, सुटे पैसे दिले आणि आत जाऊन रडले.

दीड वर्षाने आम्ही दोघांनी मिळून पुन्हा अर्ज केला. तोही परत आला. दोघंही जाणार म्हटल्यावर मागे कोण, असा त्यांचा प्रश्न. मग मात्र मी शरण गेले आणि कॉलेज रोडवरच्या एका बाईंकडे गेले, त्या असे अर्ज भरून देतात. त्यांनी माझा पहिला अर्ज वाचला आणि कपाळाला हात लावला. "काकू, हे भेटीचं कारण नाही, ही नोकरीची जाहिरात आहे. तुम्ही तिकडे दाई म्हणून कामाला निघालात असं वाटतं हे वाचून."

इतक्या वर्षांत मला कुणी असं सुनावलं नव्हतं.

"आता तुम्ही पर्यटक," त्या म्हणाल्या. "नातीला भेटणार, स्थळं बघणार, परत येणार. आणि काका इथेच राहणार. मागे कुणी असलं की त्यांची खात्री पटते."

"म्हणजे मी तारण," हे म्हणाले. हसत म्हणाले, पण त्यांनीही नातीला अजून हातात घेतलं नव्हतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

बाईंनी तारीखवार अकरा स्थळांची यादी जोडली. मुक्काम किती, विचारलं तर मी म्हटलं, "चाळीस दिवस." चाळीसच का, ते सांगितलं नाही. बाळंतपणाचा सव्वा महिना मी मनात धरला होता आणि अर्जात त्याचा उल्लेखही नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी अर्जात काहीतरी लपवलं. आणि नेमका तोच अर्ज मंजूर झाला.

तिकडच्या विमानतळावर अधिकाऱ्याने येण्याचं कारण विचारलं. मी प्लास्टिकच्या फोल्डरमधून यादी काढून त्याच्या पुढ्यात ठेवली. तो बिचारा हसला आणि म्हणाला, मजा करा. मला ती सूचना वाटली.

दारातून बाहेर आले तर लेक उभी, कडेवर सव्वातीन वर्षांची नात. तिला मी मोबाइलच्या काचेतच मोठी होताना पाहिलेलं. ती मला बघून आईच्या मानेत शिरली आणि तिथूनच एका डोळ्याने बघत राहिली. लेक बारीक झाली होती. डोळ्यांखाली काळं. फोनवर ते कधी दिसलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी यादी काढली. पहिलं स्थळ धबधबा. आमच्याकडे सोमेश्वरचा धबधबा पावसाळ्यात काय तो जोर धरतो, इथला बघून छाती दडपली, पण माझं लक्ष पाटीकडे. पाटीसमोर उभं राहून फोटो काढला, यादीत खूण केली आणि फोटो यांना पाठवला. यांनी तो छापून फाइलला लावला. मग उंच मनोरा झाला, बेट झालं, मत्स्यालय झालं. लेकीने रजा टाकली, गाडी चालवली, नातीला कडेवर घेतलं, माझी पाण्याची बाटली सांभाळली. घरी आलो की दमून जायची, तरी सकाळी चहा माझ्या हातात आणून द्यायची, नव्या कपात. स्वयंपाकघरात मला शिरू देत नसे. "तू बस आई, दमली असशील."

डोक्याला तेल लावू का, असं विचारायचं रोज माझ्या ओठांवर यायचं. पण हिने सगळं माझ्यावाचून निभावलं, आता कोणत्या तोंडाने विचारू? तीही काही मागत नव्हती. आम्ही मायलेकी एकमेकींशी पाहुण्यांसारख्या वागत होतो.

पंधराव्या दिवशी सातवं स्थळ, गुलाबांचा बगीचा. नात ढकलगाडीत झोपली होती. मी बाकावर बसून यादीत खूण केली.

"किती राहिली?" लेकीने विचारलं.

"चार."

"ती झाली की तू जाणार."

"तारखेप्रमाणे."

ती गुलाबांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाळ झालं त्याच्या चौथ्या दिवशी मी उभ्याने ब्रेड भाजून खाल्ला, माहितीये तुला? आंघोळ कशी घालायची ते मोबाइलवर बघून शिकले. तुला फोन करताना कॅमेरा मुद्दाम बाळाकडे वळवायचे. तीन वर्षं वाट बघितली तुझी. आणि तू आलीस ती धबधबे बघत फिरतेस."

मी घाबरून म्हटलं, "अगं, मी लिहून दिलंय. जाताना विचारलं आणि खोटं निघालं तर पुन्हा कधी येऊ देणार नाहीत मला."

"कोण विचारणार आहे, आई?"

"दिंडोरीला मी विचारलं असतं."

ती रडता रडता हसायला लागली. मलाही हसू आलं आणि हसताना माझंही रडू फुटलं. शेजारच्या बाकावरचे आजोबा उठून लांब जाऊन बसले.

घरी आल्यावर मी न विचारता स्वयंपाकघरात शिरले. डाळीचा डबा शोधताना वरच्या फळीवर मागे सरकवलेल्या पुड्या दिसल्या. डिंक, खारीक, हळीव, सुंठ. माझ्याच अक्षरातल्या कृती, दोरा तसाच. खारकेला किडा लागला होता.

"उघडल्या का नाहीस?"

"तू येशील तेव्हा करशील म्हणून ठेवल्या."

मी खारीक टाकली आणि डिंक निवडायला बसले.

दुसऱ्या दिवशी मी लेकीचं बाळंतपण सुरू केलं. यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे काखेत कळसा अन् गावाला वळसा घालून झाला एकदाचा." जावयाने तिळाचं तेल आणलं. बैठकीच्या खोलीत जुनी चादर अंथरली. लेक लाजली, "आई, मी पस्तिशीची झाले आता." मी म्हटलं, "पाठ तर तीच आहे ना." कोमट तेल लावायला घेतलं तर खांदे दगडासारखे. हळूहळू सैल पडले. मग उताणी झाली आणि ओटीपोटावर मला आडवी शिवण दिसली. सगळं सुरळीत झालं, असं मला सांगितलेलं. माझा हात थांबला.

ती डोळे मिटूनच म्हणाली, "तू येऊ शकणार नव्हतीस. मग सांगून काय करायचं?"

मी त्या शिवणीच्या बाजूने हलकेच तेल लावलं. माझ्या लेकीचं पोट कापलं तेव्हा मी नाशिकला बसून छान चाललंय असं सगळ्यांना सांगत होते, हे मी स्वतःला कधी माफ करणार नाही. तसं मी तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "जरा कमरेला चोळ."

नात दाराशी उभी राहून बघत होती. "आईला काय झालं?"

"आईला बाळ झालं."

"कुठाय बाळ?"

"हे काय, तू."

तिने विचार केला. मग फ्रॉक काढून फेकला आणि आईशेजारी येऊन आडवी झाली. "मग मला पण."

मी भिंतीला टेकून पाय पसरले, लहान बाळाला न्हाऊ घालताना घेतात तसं तिला पायांवर घेतलं. तिचे पाय पार माझ्या पावलांपर्यंत पोचले. तरी मी तिला तेल लावलं, नाक चिमटीत धरून सरळ केलं, कानात फुंकर मारली. ती खिदळत होती. लेक तिकडे झोपून गेली होती, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी.

पुढचे पंचवीस दिवस आम्ही कुठेही गेलो नाही. डिंकाचे लाडू झाले, हळिवाची खीर झाली. ओव्याची धुरी द्यायला गेले तर छताला लावलेलं धूर ओळखणारं यंत्र किंचाळायला लागलं, म्हणून धुरी रद्द करून तव्यावर फडकं गरम करून शेकलं. दहाव्या-बाराव्या दिवशी लेक आपणहून म्हणाली, "आई, आज मान दुखतेय." त्या दिवशी मला खरं बरं वाटलं.

पासपोर्टावर सहा महिन्यांची मुभा होती. लेक म्हणाली, राहा. पण मी चाळीस लिहिले होते, आणि माझं तारण नाशिकला एकटं वरणभात करून खात होतं. विमानतळावर मला मिठी मारून ती कानात म्हणाली, "चाळीसातले पंधरा तू फिरण्यात घालवलेस. माझे पंधरा दिवस राहिलेत, आई. विसरू नकोस."

बाहेर पडताना मला कुणी काहीच विचारलं नाही. विचारायला खिडकीच नव्हती.

घरी आल्यावर यांनी फाइल उघडून दाखवली. सात फोटो, पुढे चार कोरी पानं. ती कोरी का, हे त्यांनी विचारलं नाही. फाइल बाजूला ठेवून सतरंजीवर बसले, भिंतीला टेकून पाय पसरले आणि म्हणाले, "अशी घेतलीस म्हणालीस ना तिला? कुठपर्यंत आली?"

मी त्यांच्या पावलांवर हात ठेवला. "इथपर्यंत. पुढच्या वर्षी मावायची नाही."

मी चहा करून आणला तरी ते तसेच पाय पसरून बसले होते.