भर उन्हात उतरलेली नदी

कोकसाय नदीची पातळी मोजायचं काम अयिमकानने एकतीस वर्षं केलं. नवरा वारला तेव्हा त्याच्या जागी तिला घेतलं. पाण्यात रोवलेल्या पट्टीवरचा आकडा दिवसातून दोनदा वाचायचा आणि वायरलेसवर खालच्या कचेरीला कळवायचा. मी त्या खोऱ्यात शाळामास्तर होतो, त्यामुळे पुढचं बरंचसं डोळ्यांदेखत घडलेलं.

एका वर्षी संशोधक आले. हिमनदीवर एक खोल भोक होतं, त्यात वरचं पाणी घों घों करत पडायचं. तिथे त्यांनी लाल रंग ओतला आणि खाली नदी लाल कधी होते ते बघायला अयिमकानला बसवलं. जूनमध्ये रंग यायला दीड दिवस लागला. ऑगस्टमध्ये त्याच भोकातून तो तीन तासांत आला.

"मधे काय झालं?" तिने संशोधकांना विचारलं.

"उन्हाळाभर पाणी बर्फाच्या पोटात बोगदे कोरतं. हिवाळ्यात बर्फाच्या वजनाने ते पुन्हा मिटतात."

"म्हणजे खालीही नदीच आहे म्हणा की. मला दिसत नाही एवढंच."

त्यानंतर चार वर्षांनी, जुलैमध्ये आठ दिवस कडक ऊन पडलं. नदी फुगायला हवी होती, ती उतरली. सुयुनबाय, अयिमकानचा धाकटा दीर, खुशीत होता. चारशे मेंढ्या चारायला घेऊन तो पात्रात उतरायला आला.

"जेंगे, तुझी नदी म्हातारी झाली!" वहिनीची थट्टा करायचा त्याला हक्कच होता.

"म्हातारा तू झालायस. वर बर्फ वितळतोय ना?"

"वितळतोय की."

"मग ते पाणी कुठंय?"

"असेल कुठेतरी."

"तेच म्हणतेय मी. बर्फाच्या पोटात कुठेतरी अडून बसलंय. मेंढरं वर घे, आणि काठावरचे तंबू पण."

कुरकुरत का होईना, मेंढपाळांचे पाचही तंबू उंच पठारावर गेले. दोन दिवस काहीच झालं नाही. पठारावरचं गवत संपत आलं आणि चेष्टेला ऊत आला. तिसऱ्या सकाळी सुयुनबायने कळप पुन्हा खाली आणला. अयिमकान उताराच्या तोंडाशीच लोकरीचा नमदा अंथरून बसली होती.

"ऊठ जेंगे. लोक हसतायत."

"हसू देत. माझ्या अंगावरून ने."

थट्टा कितीही केली तरी वहिनीच्या अंगाला हात लावता येत नाही. तो शिव्या पुटपुटत उभा राहिला. दुपारकडे पाणी आणखी उतरलं. एरवी बर्फाच्या पाण्याने दुधाळ, गढूळ असायचं ते झऱ्यासारखं नितळ झालं, तळातले गोटे दिसू लागले. सुयुनबायने ते बराच वेळ पाहिलं. मग तिचा नमदा गुंडाळून खांद्यावर टाकला आणि कळप वळवला.

चारच्या सुमाराला वरून आवाज आला. तपकिरी पाण्याची भिंत आली, तिच्यात ट्रकएवढे बर्फाचे तुकडे गडगडत होते. पाऊण तासात पूल गेला, पट्टी गेली, काठावरची अयिमकानची खोली गेली. मागे रेंगाळलेल्या अकरा मेंढ्या गेल्या. माणूस एकही गेला नाही. अयिमकानने घड्याळ पाहून वहीत वेळ लिहिली.

कोणी तिचे आभार मानल्याचं मला आठवत नाही. शरदात सुयुनबायने जेवण घातलं. उकडलेलं मेंढीचं डोकं पंगतीतल्या थोर पुरुषापुढे ठेवतात. त्याने ते अयिमकानपुढे ठेवलं. म्हाताऱ्यांनी घसे खाकरले.

तिने सुरी घेतली आणि एक कान कापला. कान नेहमी पोरांना देतात, वडीलधाऱ्यांचं ऐकावं म्हणून. तिने तो सुयुनबायच्या ताटलीत टाकला.

"खा," ती म्हणाली. "उशीर झालाय, पण खा."

सुयुनबायने तो खाल्ला.