ट्रॅक्टरचा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गॅरेजमधल्या भागीदारालाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. पण त्याआधी तुम्हाला थोडं गिअर ऑइलबद्दल ऐकावं लागेल. हसू नका. ऑइलबद्दल कुणी कबुली देतं का, असं मलाही वाटायचं.

मला लहानपणापासून एक खोड आहे. बंद वस्तू दिसली की उघडून बघायची. घड्याळ, रेडिओ, शेजाऱ्यांचा स्टोव्ह. आत काय चाललंय, हे कळेपर्यंत जेवण गोड लागायचं नाही. त्या खोडीवरच पुढे पोट भरलं — नाशकात द्वारक्याजवळ पत्र्याचं गॅरेज टाकलं आणि पिंपळगावच्या द्राक्षांचे टेम्पो दुरुस्त करू लागलो. टेम्पो असो, जीप असो की ट्रॅक्टर, सगळ्यांच्या गिअरबॉक्समध्ये एकच ऑइल, नव्वद नंबरचं. पाकाची तार बघतात तसं दोन बोटांत धरून ऑइल बघायचं. तार चांगली सुटली की माल चांगला, एवढंच आमचं शास्त्र.

सत्त्याण्णव साली खैरनार मॅडम गॅरेजवर आल्या. कॉलेजात गणित शिकवायच्या. माहेर सटाण्याकडचं. त्यांच्या भावाने मुंबईत एक जुनी जपानी गाडी घेतली होती — दोनच सीटची, फिकट हिरवी, जमिनीला टेकेल इतकी बुटकी. भाऊ परदेशी गेला आणि गाडी बहिणीला देऊन गेला. नाशकात तेव्हा अशी गाडी थांबली की चहाची टपरी रिकामी व्हायची. मी तर प्रदक्षिणा घातल्यासारखा तिच्याभोवती फिरत होतो.

मॅडम गाडी चालवायला कुठे शिकल्या, विचाराल? बाराव्या वर्षी, वडिलांच्या ट्रॅक्टरवर. हे त्या मोठ्या अभिमानाने सांगायच्या. गिअर टाकताना दांडा मुठीत धरायच्या नाहीत, तळहाताने नुसता ढकलायच्या.

गाडीचं ऑइल बदलायचं होतं. पुस्तिका जपानीत, पण आकडे वाचता येत होते. गिअरबॉक्ससाठी जीएल चार या प्रतीचं ऑइल लिहिलं होतं. माझ्याकडे डबा होता जीएल पाचचा, ट्रकच्या मागच्या एक्सलमध्ये घालतात तो. मी म्हटलं, चारऐवजी पाच, म्हणजे एक पायरी वरचंच की.

मॅडम म्हणाल्या, "दत्तूभाऊ, पाच चारपेक्षा मोठा आहे हे मान्य. पण चांगला आहे, हे कशावरून?"

आता सांगा, किती साधा प्रश्न! मी काय केलं? हसलो. "मॅडम, चार मागितले आणि पाच दिले, तर तक्रार कशाची?" त्याही हसल्या. मी ऑइल भरलं.

इथपर्यंत अज्ञान होतं. अज्ञानाची कबुली द्यायला मी आलेलो नाही.

तीन-चार महिन्यांनी त्या परत आल्या. दुसरा गिअर खरखरत होता, कधी जातच नव्हता. एव्हाना त्यांच्या मनाने एक गोष्ट घेतली होती. जव्हार रस्त्यावरच्या घाटात इथल्या एका मोटार क्लबची शर्यत असायची — एकेक गाडी सोडायची, घड्याळ लावायचं, कोण लवकर वर पोचतो ते बघायचं. मॅडमनी नाव दिलं होतं. बायकांत त्या एकट्याच. घरच्यांनी वेड्यात काढलं होतं, पण त्यांनी ऐकलं नव्हतं.

गॅरेजमध्ये त्या वेळी पाच-सहा टेम्पोवाले बसले होते. गिअर का खरखरतोय, हे मला कळत नव्हतं. आणि कळत नाही असं म्हणायची माझी हिंमत नव्हती. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला — "मॅडम, तुमचा ट्रॅक्टरचा हात. जड आहे. ही नाजूक गाडी." सगळे खो खो हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आपल्या उजव्या तळहाताकडे पाहिलं. त्या तळहातात काय शोधत होत्या, कोण जाणे.

मग म्हणाल्या, "मला शिकवाल?"

मी शिकवलं. गणिताच्या प्राध्यापक बाईंना मी — नववी नापास — दर रविवारी सकाळी गंगापूर धरणाच्या रस्त्यावर गिअर टाकायला शिकवत होतो. खोटं का बोलू? मला फार आवडायचं ते. त्या वहीत लिहून घ्यायच्या. क्लच दाब, न्यूट्रल कर, क्लच सोड, थोडा ॲक्सिलरेटर, पुन्हा क्लच. तिसऱ्या रविवारी त्या त्याच गाडीचा दुसरा गिअर पाचातून चार वेळा आवाज न करता टाकायला लागल्या. परत येताना मी चालवायला घेतली. माझ्या हाताखाली दर वेळी खरखरली.

तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

त्याच आठवड्यात ऑइल विकणारा एक माणूस आला होता. बोलता बोलता म्हणाला, की जीएल पाचमध्ये गंधकाचा मसाला जास्त असतो. एक्सलच्या पोलादाला चालतो, पितळेला खातो. आणि असल्या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये पितळेच्या रिंगा असतात. गिअर टाकताना दोन चाकांचा वेग जुळवायचा, हे त्या रिंगांचं काम. रिंग खराब झाली, की गिअर खरखरणारच.

कुणी दुसरा असता तर त्याने लगेच ऑइल उपसलं असतं. मी काय केलं? जॅमच्या दोन बाटल्या घेतल्या. एकीत जीएल चार, मुद्दाम मुंबईहून मागवलेलं. दुसरीत पाच. दोन्हींत एकेक जुनी पितळी रिंग टाकली आणि बाटल्या पत्र्यावर उन्हात ठेवल्या. एप्रिल महिना, पत्र्यावर पापड भाजावा असं ऊन. रोज शिडी लावून बघायचो. इतका आनंद मला कुठल्याच कामात झाला नव्हता. चारमधली रिंग पिवळीच राहिली. पाचमधली आधी तपकिरी झाली, मग काळी पडली. नखाने खरवडली तर काळा पापुद्रा निघाला.

शर्यतीला आठ दिवस होते.

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो ना? इथे अंगण खरंच वाकडं होतं. ते मीच वाकडं केलं होतं, आणि नाचणारीला नावं ठेवत होतो. आता हे मला पक्कं ठाऊक होतं. आठ दिवसांत गिअरबॉक्स उतरवता आला असता. रिंग बदलता आली असती. निदान ऑइल तरी. मी केलं नाही. गिअर मऊ झाला असता तर मॅडमनी विचारलं असतं, "काय केलंत?" त्या विचारल्याशिवाय राहणाऱ्या नव्हत्याच.

पण एवढंच कारण असतं, तर बरं झालं असतं. खरं सांगू? मला बघायचं होतं. ती रिंग आतमध्ये किती खाल्ली गेलीय, कुठवर टिकते — बाटलीत समजलं होतं, आता गाडीत बघायचं होतं. म्हणून शर्यतीच्या दिवशी घाटात मी नेमका तिसऱ्या वळणावर जाऊन उभा राहिलो. तिथे दुसरा गिअर टाकावाच लागतो. मी दोन दिवस आधी जाऊन बघून आलो होतो.

हिरवी गाडी खालून आली. दोन वळणं तिने अशी घेतली, की कठड्यावरची माणसं उठून उभी राहिली. तिसऱ्यावर खर्रर्र झालं. पुन्हा खर्रर्र. गाडी थांबली आणि हातभर मागे घसरली. मॅडमनी हँडब्रेक ओढला. कठड्यावरून कुणीतरी ओरडलं, "मागं नांगर जोडलाय का, बाई?" मग शिट्ट्या. "लय जड हाय वाटतं नांगर!"

मला काय वाटलं असेल? आधी वाटलं — बरोबर निघालं माझं. हे आधी वाटलं. बाकीचं नंतर.

मॅडम उतरल्या, माझ्याजवळ आल्या. डोळे कोरडे होते. "दत्तूभाऊ, तुम्ही नीटच शिकवलं होतं. मीच कमी पडले."

मी म्हटलं, "होतं असं, मॅडम."

त्या पुन्हा त्या गाडीत बसल्या नाहीत. गाडी विकायला काढली. विकायच्या आधी मी गिअरबॉक्स उतरवला, रिंग बदलली, जीएल चार भरलं आणि एक फेरी मारून आलो. दुसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा जात होता. मॅडमना मी ती फेरी मारायला बोलावलं नाही. मुंबईचा माणूस येऊन गाडी घेऊन गेला.

दहा वर्षं गेली. एक दिवस एक मुलगी नवी छोटी गाडी घेऊन गॅरेजवर आली. शेजारच्या सीटवर मॅडम. केस पांढरे झालेले. मला बघून मनापासून हसल्या, घरची चौकशी केली. त्या दोघी सटाण्याला निघाल्या होत्या. मुलगी म्हणाली, "आई, रस्ता मोकळा आहे, पुढे तू घे ना थोडा वेळ." मॅडमनी मान हलवली आणि माहेरच्या बोलीत म्हणाल्या, "नको माय. मना हात जड शे. ट्रॅक्टरना हात."

शब्द माझे होते. दहा वर्षं त्यांनी ते जपून ठेवले होते.

मुलीने मला विचारलं, "काका, गिअरबॉक्समध्ये कुठलं ऑइल टाकता तुम्ही?" आईवर गेलेली. मी काही बोलायच्या आत मॅडम म्हणाल्या, "त्यांना नको विचारूस गं. त्यांना सगळं कळतं."

हातात फडकं होतं. मी पुस्तिका उघडून आकडा बघितला, तेच ऑइल भरलं, बोनेट लावलं. मॅडमनी खिडकीतून हात हलवला. तोच हात. गाडी सटाण्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मी उभा होतो.

दोन्ही बाटल्या अजून माझ्या फळीवर आहेत. कुणी विचारलं तर सांगतो, ऑइलचे नमुने आहेत. खैरनार मॅडमचा हात जड नव्हता. इतक्या वर्षांत माझ्यासमोर शेकडो लोकांनी गिअर टाकले, त्यांच्याइतका हलका हात मी पाहिला नाही.