ह्यांच्या खुर्चीचा नंबर

खुर्चीवाल्या वहिनींच्या दुकानात बसायला मिळेल अशी आशा कुणी धरू नये. भिंतीला खुर्च्या, दारात खुर्च्या, एकीवर एक चढवलेल्या खुर्च्या, आणि बूड एकीलाही नाही. जुनं विणकाम कापून टाकलेलं, चौकटी आ वासून उभ्या. मधोमध टबात वेताच्या पट्ट्या भिजत असतात आणि शेजारी पाटावर वहिनी, तोंडात वेत अडकवायच्या दोन खुंट्या धरून. खुंट्या असल्या म्हणून बोलणं थांबत नाही. उलट त्यांनी त्या काढून हातात घेतल्या की समजावं, आता आपली धडगत नाही.

गिऱ्हाइकाची कुंडली वहिनी खुर्चीवरून मांडतात. "डावीकडेच झिजलीय. खिडकी डावीकडे ना? शेजाऱ्यांकडे डोकावणं कमी करा, वेत जास्त टिकेल." माणूस लाजतो, पण पुढची खुर्ची घेऊन परत इथेच येतो. असं घट्ट विणकाम दुसरीकडे कुठे मिळायचं?

आणि या बाईच्या स्वयंपाकघरात मात्र एक खुर्ची पार खोल गेलेली. ती त्यांच्या नवऱ्याची. ते बस चालवायचे. सकाळी वर्तमानपत्र घेऊन त्या खड्ड्यात रुतायचे आणि रोज तेच वाक्य टाकायचे, "ही खुर्ची विणायला झालीय हो."

"नंबर लागला की बघू. आधी गिऱ्हाईक."

"मी गिऱ्हाईक नाही का?"

"तुम्ही घरचे. घरच्याला कसला आलाय नंबर!"

मग एके दिवशी भर रस्त्यात दोघांची जुंपली म्हणून ते बस थांबवून सोडवायला उतरले. एकाच्या हातात सुरा होता. ते परत बसमध्ये चढले नाहीत.

त्यानंतर वहिनींनी त्या खुर्चीला कात्री लावली नाही. खड्डा नवऱ्याने पाडला होता, तो त्यांच्या मापाचा होता.

वस्तीत अशी आणखीही घरं होती, जिथलं माणूस कुणीतरी मारलं. वर्षातून एकदा सगळे वाचनालयाच्या अंगणात जमायचे. सुरुवातीला नुसती भाषणं व्हायची. एका वक्त्याने वहिनींच्या नवऱ्याला 'शांत, मितभाषी' ठरवलं, तेव्हा वहिनींनी शेजारणीला कोपरखळी मारून विचारलं, "कुणाबद्दल चाललंय गं हे?" पुढच्या वर्षी त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "फोटोत सगळी सारखीच हसतात आणि भाषणात सगळी सारखीच गुणी होतात. त्यापेक्षा घरून ज्याची त्याची खुर्ची आणा."

तेव्हापासून तीच रीत पडली. रिकाम्या खुर्च्यांची एक रांग. घरचं माणूस आपल्या खुर्चीमागे उभं राहणार, गेलेल्याचं नाव घेणार आणि तो कसा बसायचा तेवढं सांगणार. एक आई दरवर्षी सांगते, "माझा मागच्या दोन पायांवर झुलायचा. तीनदा आपटला. चौथ्यांदा ओरडायची तयारी ठेवली होती मी." नियम एकच. रांगेतल्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही.

यंदा रांगेत बेकरीवाल्याची मुलगी येणार होती. लग्नाला नाही म्हणाली म्हणून एकाने तिला ठार मारलं होतं. तेव्हापासून भट्टी थंड होती आणि बेकरीवाला माणसांत येईना. त्याच्या बायकोने वहिनींना गाठलं. "ताई, तुमचंच ऐकलं तर ऐकतील. भिंतीशी बोलायला लागलेत हो."

वहिनी गेल्या. गल्ल्यामागे मुलीचं उंच स्टूल होतं. वेत एका कोपऱ्यात फाटलेला. सवयीने वहिनींचा हात तिकडे गेला, तसा बेकरीवाल्याने आपला तळवा मध्ये घातला. "ते तसंच राहू दे, वहिनी."

आयुष्यात एकही वाक्य न गिळलेल्या बाईने ओठांवर आलेलं वाक्य गिळलं. म्हणाल्या, "राहू दे, भाऊ. पण घेऊन या. कुणी हात लावणार नाही, माझा शब्द. रांगेतल्या एकाही खुर्चीला कुणी हात लावला, तर स्टूल उचलून सरळ घरी जा. मी अडवणार नाही."

तो आला. स्टूल रांगेच्या टोकाला ठेवून दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. नावं सुरू झाली. आणि तेवढ्यात कुलूपकाका उगवले. काका वस्तीतली कुलपं दुरुस्त करतात. चष्मा डोक्यावर ठेवून खिशात शोधायचा आणि कार्यक्रम अर्धा झाल्यावर पोचायचं, हा त्यांचा शिरस्ता. दम लागलेला, चष्मा डोक्यावरच, समोर रिकामी खुर्ची. देवच पावला म्हणायचा! काका बसले.

कर्रर्र झालं. काकांचं बूड खाली आणि गुडघे हनुवटीला.

खुर्ची होती वहिनींच्या नवऱ्याची.

बेकरीवाल्याने मान खाली घातली, स्टूल उचललं आणि फाटकाची वाट धरली. वहिनींनी ते पाहिलं. शब्द गेला होता, खड्डाही गेला होता. हाक कुठल्या तोंडाने मारणार?

खुर्चीतून काकांचा आवाज आला, "वहिनी, ही खुर्ची विणायला झालीय हो."

वहिनींनी तोंडावर हात धरला. खांदे हलायला लागले. शेजारीण धरायला धावली, आणि बघते तर काय, बाई हसत होती! डोळ्यांतून पाणी, आणि हसू आवरेना. "ऐकलंत? रोज सकाळी हेच! अगदी हेच वाक्य! असेच रुतून, गुडघे वर करून माझ्याकडे बघत बसायचे, बायको लाजेल आणि विणेल म्हणून. मी कसली लाजते! काका, तुम्हाला त्यांनीच पाठवलंय हो, तगादा लावायला!"

आधी ती झुलणाऱ्या मुलाची आई फिसकन हसली, मग सगळं अंगण.

"हसा नंतर," काका ओरडले, "आधी मला काढा!"

फाटकाशी पोचलेला बेकरीवाला थबकला. पीठ मळून मळून कमावलेले हात वस्तीत त्याचेच. त्याने स्टूल खाली ठेवलं, परत आला आणि काकांच्या बगलेत हात घालून धरलं. वहिनींनी खुर्ची ओढली, त्याने काका ओढले. काका बुचासारखे निघाले.

मग तो स्टूल घेऊन रांगेत आला. मुलीचं नाव घेतलं. "एक पाय वर घेऊन बसायची. रोज ओरडायचो, पाय खाली घे, गिऱ्हाईक बघतात. तिच्या टाचेनेच हा कोपरा फाटला." तो हसायला गेला आणि तिथेच कोसळला. पण रडला तो चारचौघांत, माणसांच्या हातांत.

काही दिवसांनी गल्लीत पुन्हा पावाचा वास सुटला. बेकरीवाला स्टूल खांद्यावर घेऊन वहिनींच्या दारात उभा. "विणून द्या. आता बायको बसणार आहे गल्ल्यावर."

"पाय वर घेऊन बसली तर?"

"बसू दे. मी काही म्हणणार नाही."

वहिनींनी तोंडातल्या खुंट्या काढून हातात घेतल्या. समोर नवऱ्याची खुर्ची होती, जुना वेत कापून टाकलेला, नव्याच्या पहिल्या पट्ट्या ताणून बसवलेल्या.

"ठेवा तिकडे, भाऊ," त्या म्हणाल्या. "पण थांबावं लागेल. आधी ह्यांचा नंबर आहे."